क्षयाचा जंतू स्वतःचीच प्रथिने का मोडतो? : एका संशोधनाची पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातील पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 साली बेल-एअर हे क्षयरोग्यांचे सॅनिटोरियम उभारले, आणि तिकडे सांगली-मिरजेच्या मधोमध, डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वानलेसवाडीतही क्षयरुग्णांसाठी तसेच सॅनिटोरियम चालू झाले. क्षयाच्या जंतूला मारणारे एकही औषध त्या काळी उपलब्ध नव्हते. कोरडी थंड हवा, उघड्या व्हरांड्यातली खाट, ऊन, दूध-अंड्यांचा खुराक आणि सक्तीची विश्रांती एवढाच उपचार होता, म्हणजेच सारी भिस्त रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीवर होती. काही रुग्ण बरे होऊन घरी जात, काहींचा आजार वर्षानुवर्षे दबून राहून पुन्हा उसळे, आणि पुष्कळ जण दगावत. जे शरीर या जंतूला कित्येक वर्षे कोंडून ठेवू शकते, त्याला तो समूळ संपवता का येत नाही, हा प्रश्न त्या खाटांच्या रांगांपाशीच उभा होता. त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हाती लागला आहे. जंतू स्वतःच्याच पेशीतील बिघडलेली किंवा नकोशी प्रथिने कशी निवडतो आणि कशी मोडतो, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीत तो दडलेला होता.

रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, आणि त्याच सुमारास इल्या मेचनिकॉव्ह यांनी शरीरातील भक्षक पेशी बाहेरून आलेल्या कणांना गिळतात हे दाखवून दिले. या दोन शोधांची सांगड घातली की सरळ निष्कर्ष निघतो तो असा, की भक्षक पेशीने जंतू गिळला म्हणजे तो संपला. क्षयाच्या जंतूबाबत मात्र घडते उलटेच. फुफ्फुसातील मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशीतच तो बस्तान बसवतो. गिळलेला जंतू ज्या पिशवीत असतो ती पिशवी एरवी पाचक रसांच्या पिशवीला, म्हणजे लायसोसोमला, जाऊन मिळते. क्षयाचे जिवंत जंतू हे मीलन टाळतात, असे आर्मस्ट्राँग आणि डी'आर्सी हार्ट यांनी 1971 साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवले. तरीही हा बचाव पूर्ण नसतो, कारण टी-पेशी या प्रतिकारक पेशींकडून इंटरफेरॉन-गॅमाचा संदेश मिळाला की मॅक्रोफेज अधिक आक्रमक होतो आणि जंतूवर आम्ल, ऑक्सिजनची विध्वंसक रूपे व नायट्रिक ऑक्साइड असा मारा सुरू करतो. पाचगणीच्या उन्हाचाही येथे उल्लेख करावासा वाटतो. मॅक्रोफेजमध्ये ड जीवनसत्त्वाच्या मदतीने कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन तयार होते, असे 2006 साली आढळून आले. त्यावरून ऊन हे क्षयावरचे औषध ठरत नाही, आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी उपचारात ठळक फरक पडल्याचेही चाचण्यांत दिसले नाही. परंतु सॅनिटोरियमचे डॉक्टर ज्या प्रतिकाराला बळ देऊ पाहत होते त्याला रासायनिक आधार होता, एवढे त्यातून नक्की कळते.

स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली सापडले आणि आयसोनियाझिड व पायराझिनामाइड 1952 साली उपचारात आले, तेव्हा सारे चित्र पालटले. घरी राहून औषधे घेणारे रुग्ण सॅनिटोरियममधील रुग्णांइतकेच बरे होतात, असे मद्रास येथील अभ्यासाने 1959 साली सिद्ध केले, आणि देशभरातील सॅनिटोरियमचे मूळ प्रयोजनच संपत गेले. हा अभ्यास भारतातील वैद्यकीय संशोधनाच्या सर्वांत मोठ्या देणग्यांपैकी एक आहे, असे मला वाटते. मात्र औषधांच्या यशामुळे शरीर आणि जंतू यांच्यातील झुंजीचा प्रश्न काही दशके मागे पडला. औषधांना दाद न देणारे जंतू वाढू लागले आणि त्या वेळच्या सर्वांत कमी मुदतीच्या प्रचलित उपचारालाही सहा महिने लागतात हे बोचू लागले, तेव्हा संशोधक पुन्हा त्या प्रश्नाकडे वळले.

वळणाचा धागा होता नायट्रिक ऑक्साइड. हा वायू तयार करणारे विकर (एन्झाइम) ज्या उंदरांत मुळातच नाही, ते उंदीर क्षयाला फार लवकर बळी पडतात, हे 1997 साली न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील कार्ल नेथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. माणसाच्या मॅक्रोफेजमध्ये हा वायू कितपत तयार होतो यावर बराच वाद झाला, परंतु क्षयरुग्णांच्या फुफ्फुसातून काढलेल्या मॅक्रोफेजमध्ये ते विकर सापडले आहे. आता खरा प्रश्न असा होता, की एवढा मारा सोसूनही जंतू टिकतो तो कशाच्या बळावर? पुढच्याच वर्षी, 1998 मध्ये, या जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. सुमारे 44 लाख अक्षरे आणि 4,000 च्या आसपास जनुके एवढा तो मजकूर होता, आणि त्यामुळे एकेक जनुक मोडून परिणाम पाहण्याची पद्धतशीर वाट खुली झाली.

त्या वाटेने हेरन डार्विन या नेथन यांच्या प्रयोगशाळेत निघाल्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दहा हजारांहून अधिक उत्परिवर्तित, म्हणजे एखादे जनुक मोडलेले, जंतू नायट्रिक ऑक्साइडच्या वर्गातील रसायनांना सामोरे नेले आणि त्यांतून 12 असे निवडले, जे या माऱ्याला विशेष हळवे होते. विषाला निष्प्रभ करणारी विकरे बिघडलेली असतील, अशी अपेक्षा कोणीही केली असती. प्रत्यक्षात 12 पैकी 5 जंतूंमध्ये प्रोटिएझोमशी संबंधित जनुके मोडलेली निघाली. हा निष्कर्ष 2003 साली 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रोटिएझोम ही प्रथिने मोडणारी यंत्रणा आपल्या पेशींत असते. बहुसंख्य जिवाणूंत ती नसतेच. क्षयाचा जंतू ज्या ॲक्टिनोबॅक्टेरिया गटातला आहे, तो या बाबतीत मोठा अपवाद आहे. आणि ज्या जंतूत ती यंत्रणा विकल होती, तो उंदरांत अगदी दुबळा ठरला. नायट्रिक ऑक्साइड तयार न करू शकणाऱ्या उंदरांत मात्र तितका दुबळा राहिला नाही. म्हणजे यजमानाचे हत्यार आणि जंतूची मोडणी यांचा थेट संबंध होता.

ही यंत्रणा आतून पोकळ असते. सात-सात घटकांची चार कडी एकावर एक बसून नळकांडे तयार होते आणि प्रथिन कापणारी पाती आतल्या बाजूला असतात, त्यामुळे पेशीतील इतर प्रथिनांना धोका पोचत नाही. तोंडाशी एमपीए नावाचे सहा घटकांचे कडे असते. ते ऊर्जा खर्चून गुंडाळलेल्या प्रथिनाची वळकटी उलगडते आणि, रसवंतीच्या चरकात ऊस सरकवावा तशी, त्याची साखळी आत ढकलते. पण कोणते प्रथिन आत घालायचे, हे ठरवणार कोण? आपल्या पेशींत ती खूण युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाने केली जाते, आणि त्या शोधासाठी चिखानोव्हर, हर्ष्को आणि रोझ यांना 2004 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जिवाणूंत असे काही असेल अशी कल्पना नव्हती. 2008 साली डार्विन यांच्याच गटाने क्षयाच्या जंतूत पप हे 64 अमिनो आम्लांचे प्रथिन शोधले, जे हेच काम वेगळ्या रसायनाने करते. डॉप हे विकर पपला सज्ज करते, पीएएफए ते लक्ष्य प्रथिनातील लायसिन या अमिनो आम्लावर जोडते आणि एमपीए त्याला पकडून आत ओढते. दोन अगदी दूरच्या जीवकुळांनी खूण करण्याची युक्ती वेगवेगळ्या मार्गांनी गाठावी, ही या साऱ्या इतिहासातील मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट आहे.

दरम्यान 2007 साली शीतल गंडोत्रा आणि सहकाऱ्यांनी उंदराला लागण झाल्यानंतर जंतूतील प्रोटिएझोमचे जनुक बंद पाडून पाहिले. लागण जुनी झाल्यावरही ते बंद केले, तरी जंतूंची संख्या घटली. म्हणजे प्रोटिएझोमची गरज लागणीच्या सुरुवातीपुरती नाही, तर शरीरात दबून राहण्याच्या दीर्घ काळातही आहे. सॅनिटोरियमच्या डॉक्टरांना ज्या दबलेल्या आजाराने हैराण केले होते, त्याच अवस्थेशी हा निष्कर्ष येऊन भिडतो.

तरीही एक कोडे उरले होते. प्रोटिएझोम नसला की नायट्रिक ऑक्साइड जंतूला मारतो, तो बिघडलेल्या प्रथिनांचा ढीग साचल्यामुळे, असे पहिले अनुमान होते आणि ते पटण्याजोगेही होते. 2015 साली डार्विन यांच्या गटाने दिलेले उत्तर मात्र निराळे निघाले. प्रोटिएझोम ज्या प्रथिनांना मोडतो त्यांत सायटोकायनिन (एरवी वनस्पतींत आढळणारे वाढीचे संप्रेरक) तयार करणारे एक विकर आहे. ते मोडले गेले नाही तर सायटोकायनिने साचतात, त्यांच्यापासून अल्डिहाइडे ही क्रियाशील रसायने निघतात, आणि ही अल्डिहाइडे व नायट्रिक ऑक्साइड मिळून जंतूचा जीव घेतात. तासगावच्या द्राक्षबागायतदारांना सायटोकायनिन नवे नाही. मणी फुगवण्यासाठी घडांवर वापरतात ती 6-बीए आणि सीपीपीयू ही द्रव्ये त्याच वर्गातली आहेत. वनस्पतींचे समजले जाणारे हे संप्रेरक क्षयाचा जंतू का तयार करतो, हा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे. पण ते प्रमाणाबाहेर जाऊ न देणे हा त्याच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे.

यातून औषध निघेल का, याकडे साहजिकच लक्ष लागले. प्रोटिएझोम आपल्या पेशींतही असल्यामुळे दोघांत भेद करणारे रसायन हवे होते, आणि जंतूचाच प्रोटिएझोम बंद करणारी ऑक्साथियाझोलोन वर्गातील रसायने 2009 साली नेथन यांच्या गटाने दाखवली. ती न वाढणाऱ्या, सुस्त जंतूंनाही मारतात. दुसरी दिशा क्लप यंत्रणेची आहे. प्रथिने मोडणारी ही जोडयंत्रणा प्रोटिएझोमहूनही अनिवार्य आहे, कारण तिच्यावाचून जंतू साध्या पोषक द्रवातही वाढत नाही. सायक्लोमारिन, लासोमायसिन आणि इक्युमायसिन ही निसर्गात सापडलेली द्रव्ये या यंत्रणेतील क्लपसी-1 या घटकालाच धरतात.

गंमत नव्हे, तर गंभीरपणे सांगण्यासारखी गोष्ट अशी, की या क्लप यंत्रणेचा उपयोग आपण नकळत पूर्वीपासूनच करत आलो आहोत. सातारा-सांगलीतील आरोग्य केंद्रांतून नव्या क्षयरुग्णाला पहिले दोन महिने ज्या औषधांचा एकत्रित डोस मिळतो, त्यात पायराझिनामाइड असते. जंतूतील पीएनसीए हे विकर त्याचे पायराझिनोइक आम्लात रूपांतर करते. ते आम्ल पॅनडी या प्रथिनाला चिकटते, आणि चिकटल्यावर क्लप यंत्रणा पॅनडीला मोडून टाकते, असे 2020 साली दाखवले गेले. पॅनडी गेले की कोएन्झाइम-ए हा जंतूच्या चयापचयाला लागणारा रेणू तयार करण्याची वाट तुटते. म्हणजे 1952 पासून वापरात असलेल्या औषधाच्या कार्याचा मोठा भाग जंतूच्या स्वतःच्या मोडणीवरच चालतो, हे कळायला जवळपास सात दशके लागली. ज्या जंतूंवर पायराझिनामाइड चालत नाही, त्यांत बहुधा पीएनसीएचे जनुक बदललेले सापडते, आणि प्रयोगशाळेत निपजलेल्या काही प्रतिरोधी जंतूंत पॅनडी किंवा क्लपसी-1 यांचे.