दूरचा क्वेसार शोधायला फक्त मोठी दुर्बीण पुरते का?

‘दुर्बीण जितकी मोठी, तितके दूरचे दिसते, म्हणून विश्वाच्या बालपणातले क्वेसार शोधायला फक्त मोठा आरसा हवा,’ हा समज अनेकांच्या मनात पक्का बसला आहे. तो अर्धाच खरा आहे. (क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा, महाकाय कृष्णविवरामुळे प्रखर चमकणारा गाभा.)

‘यूएलएएस जे११२०+०६४१’ हा क्वेसार २०११ मध्ये जाहीर झाला. त्याचा प्रकाश निघाला तेव्हा महास्फोटाला जेमतेम ७७ कोटी वर्षे झाली होती. तो हाती लागला हवाई बेटावरच्या मौना केआ पर्वतावरील ३.८ मीटर आरशाच्या दुर्बिणीने केलेल्या अवरक्त सर्वेक्षणात. त्याच पर्वतावर १० मीटरच्या केक दुर्बिणी होत्या, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

खरी अडचण ओळख पटवण्याची आहे. विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी ताणली जाते. हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची अतिनील रेषा या क्वेसारमध्ये सुमारे ९८३ नॅनोमीटरवर, म्हणजे अवरक्तात सरकली आहे. तिच्या अलीकडचा, कमी तरंगलांबीचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन जवळजवळ सगळा शोषून घेतो. त्यामुळे नेहमीच्या छायाचित्रात तिथे काहीच दिसत नाही, अवरक्तात मात्र ठिपका उमटतो. गंमत अशी, की आपल्याच आकाशगंगेतले थंड, तपकिरी बटू तारेही तसेच लालभडक ठिपके दिसतात आणि त्यांची संख्या कितीतरी जास्त असते!

म्हणून आधी विस्तीर्ण आकाश वेगवेगळ्या रंगगाळण्यांतून टिपायचे, संशयित निवडायचे आणि मग एकेकाचा वर्णपट (तरंगलांबीनुसार केलेली प्रकाशाची फोड) घ्यायचा. मोठा आरसा या शेवटच्या पायरीला अत्यावश्यक ठरतो. जपानच्या ८.२ मीटरच्या सुबारू दुर्बिणीला रुंद नजरेचा कॅमेरा जोडला, तेव्हा २०१९ मध्ये असे ८३ नवे, मंद क्वेसार जाहीर करता आले.