लुमिनस लगून, फाल्मथ (जमैका)

जमैका बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, ट्रिलॉनी परगण्यातील फाल्मथ शहराला लागून असलेले उथळ खाजण. मार्था ब्रे नदी कॅरिबियन समुद्राला मिळते त्या मुखाशी ते आहे. ऑयस्टर बे हे त्याचे जुने नाव. पर्यटक मात्र त्याला लुमिनस लगून, म्हणजे उजळणारे खाजण, म्हणूनच ओळखतात. दिवसा पाहिले तर खारफुटीने वेढलेली, हिरवट गढूळ पाण्याची ही एक साधी खाडी वाटते. कोकणातल्या माणसाला तर त्यात नवल करण्यासारखे काहीच दिसणार नाही. अंधार पडल्यावर मात्र या पाण्यात बोट जरी बुडवले तरी बोटाभोवती निळा उजेड पेटतो, आणि माणूस पोहू लागला की त्याच्या हातापायांचा प्रत्येक फटकारा पाण्यात उजेडाने काढल्यासारखा दिसतो.

हे पाणी आपणहून चमकत नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. सुटीच्या जाहिरातींतल्या छायाचित्रांत अख्खे खाजण निळे झालेले दाखवतात. ती चित्रे कॅमेऱ्याचे शटर बराच वेळ उघडे ठेवून, तेवढ्या वेळात पाणी ढवळत राहून मिळवलेली असतात. प्रत्यक्षात होडीतून पाहिले तर पाणी काळेभोर असते. जिथे हालचाल होते तिथेच आणि तेवढाच वेळ ते उजळते. येथे पोहायला उतरण्याला अर्थ आहे तो यामुळेच, कारण काठावर बसून पाहणाऱ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही.

उजेड देणारा जीव आहे पायरोडिनियम बहामेन्स हा एकपेशीय डायनोफ्लॅजेलेट. त्याचा आकार मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाइतका, म्हणजे नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. वनस्पतींप्रमाणे तो सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतो आणि दोन कशाभिकांच्या, म्हणजे चाबकासारख्या धाग्यांच्या, साहाय्याने गिरक्या घेत पोहतो. लुडविग प्लाटे या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये बहामा बेटांवरील नासाऊजवळच्या एका तळ्यातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. जातिनामात बहामा आले ते त्यामुळे, आणि प्रजातिनामाच्या सुरुवातीचा ‘पायरो’ म्हणजे ग्रीक भाषेत अग्नी.

पेशीला धक्का लागला किंवा तिच्याजवळून पाणी वेगाने सरकले की तिच्या आवरणावर ताण येतो. त्यातून निघालेला विद्युत्-संकेत पेशीच्या आत असलेल्या सूक्ष्म कोशांपर्यंत पोचतो. या कोशांत बाजूच्या पोकळीतले आम्ल शिरते, ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ मोकळा होतो आणि ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो. सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापुरती निळी ठिणगी उडते. काजव्याचा उजेडही ल्युसिफेरिन आणि ल्युसिफरेज यांच्याच जोडीतून येतो, पण दोघांचे ल्युसिफेरिन नावापुरतेच सारखे आहे. काजव्यातला रेणू निराळा आहे. डायनोफ्लॅजेलेटमधला रेणू हरितद्रव्याच्या रेणूशी नाते सांगणारा आहे. या उजेडात उष्णता जवळजवळ नसते, म्हणून हात त्यात कितीही घोळवला तरी पाणी पाण्यासारखेच लागते.

ही व्यवस्था रात्रीपुरतीच चालते. पेशीच्या आत दिवस-रात्रीचे घड्याळ असते. नमुना दिवसा बंद खोलीत अंधारात ठेवून हलवला तरी तो रात्रीइतका चमकत नाही. शिवाय एकदा ठिणगी उडवलेली पेशी लगेच तितक्याच जोराने पुन्हा पेटत नाही. वारंवार ढवळलेले पाणी हळूहळू मंदावते, आणि शिदोरी पुन्हा भरून यायला वेळ लागतो.

एवढ्या लहान जिवाला उजेडाचा उपयोग काय? त्याला खाणारे कोपेपॉडसारखे बारीक प्राणी अचानक चमकलेल्या ठिणगीने दचकून दूर होतात, हे एक उत्तर. दुसरे उत्तर जास्त मनोवेधक आहे. घरात चोर शिरला की घरमालक ओरडून शेजाऱ्यांना जागे करतो, तशी ही पेशी पेटून उठते. तिच्या उजेडात खाणारा प्राणी उघडा पडतो आणि त्याला टिपणारा मासा तिथे पोचतो. पोहणारा माणूस या हिशेबात केवळ एक मोठा, बेढब धक्का असतो. त्याच्याभोवती उजळते ती लाखो पेशींची एकाच वेळी उठलेली हाकाटी.

हे जीव उष्ण समुद्रांत अनेक ठिकाणी विखुरलेले असतात. पाणी उजळण्याइतकी त्यांची दाटी मात्र थोड्याच जागी होते, आणि त्यासाठी जागेची घडण जुळून यावी लागते. फाल्मथला ती जुळली आहे. खाजण उथळ आहे, पाणी बारमाही कोमट असते, आणि बाहेरच्या समुद्राशी देवाणघेवाण सावकाश चालत असल्याने पेशी वाहून जाण्याआधी वाढतात. काठाने तांबड्या कांदळाची दाटी आहे. कोकणातल्या कांदळाचा हा सख्खा भाऊ, तशीच मुळांची कमान टेकवून उभा असतो. त्याची गळलेली पाने पाण्यात कुजतात आणि त्यातून डायनोफ्लॅजेलेटना लागणारी पोषकद्रव्ये पाण्यात उतरतात. नदी आपली भर वेगळी घालते. तिचे गोडे पाणी हलके असल्याने वर तरंगते आणि खारे पाणी खाली राहते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात येथे मुक्काम ठोकून पाण्याचे थर, प्रवाह, पेशींची संख्या आणि प्रकाशाची तीव्रता मोजली. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध उजळणाऱ्या खाजणांच्या अभ्यासातील पायाभूत लेखन मानला जातो.

फाल्मथ हे माँटेगो बेच्या पूर्वेला, मोटारीने पाऊण तासाच्या आत येणारे शहर. १७६९ मध्ये वसलेल्या या बंदरातून गुलामांच्या श्रमावर पिकलेली साखर इंग्लंडला जात असे. २००७ च्या क्रिकेट विश्वचषकाचे उद्घाटन ज्या ट्रिलॉनी स्टेडियममध्ये झाले, तेही येथून जवळच आहे. होड्या संध्याकाळ उलटल्यावर खाजणाच्या काठच्या धक्क्यावरून सुटतात आणि फेरी तासाभराच्या आत आटोपते. इंजिन चालू असते तोवर पंख्यामागे दुधी निळा पट्टा लांबत राहतो आणि घाबरलेले मासे दोन्ही अंगांना उजेडाच्या रेघा ओढीत पळतात. मध्यावर आल्यावर नावाडी इंजिन बंद करतो, दिवे मालवतो, आणि ज्यांना हवे त्यांना पाण्यात उतरायला सांगतो.

उतरताना पायाला दोन पाणी लागतात, वर नदीचे आणि खाली समुद्राचे, आणि त्यांच्या उबेतला फरक अंगाला कळतो. खोली फार नाही. पाय टेकले तर मऊ गाळात रुततात. पहिल्यांदा उतरणारे यालाच दचकतात, पण अंग सोडून तरंगत राहिले की गाळाचा प्रश्न उरत नाही. हात सावकाश फिरवला तर बोटांमागे फिकट धुरासारखी रेघ येते. झटक्याने फिरवला तर तीच रेघ लख्ख होते. स्थिर राहिले की दोन-चार क्षणांत सगळे काळे होते. ओंजळ भरून वर उचलली तर पाणी गळताना तळव्यावर ठिणग्या धावतात. हात पाण्याबाहेर काढला की दंडावरच्या लवेत अडकलेले ठिपके क्षणभर लुकलुकतात, आणि कोपरावरून ओघळलेला थेंब खाली पडतो तिथेही एक बारीक निळे कडे उमटते. पोहताना अंगावर पावसाची सर आली तर भाग्यच समजावे, कारण प्रत्येक थेंबागणिक पाण्यावर एक ठिपका पेटतो.

पावसाची ती सर हलकीच असावी. मुसळधार पाऊस झाला की नदी गढूळ पाणी आणि गाळ घेऊन येते, खाजणातला खारटपणा घटतो आणि पुढचे काही दिवस उजेड मंदावतो. दुसरी बाब चंद्राची. पौर्णिमेच्या रात्रीही पेशी पेटतात, पण चांदण्यात त्यांचा उजेड बुडून जातो. म्हणून तिथी पाहून, अमावास्येच्या आसपास जावे. तिसरी बाब आपल्याच डोळ्यांची. अंधाराला डोळे नीट सरावायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो, आणि मंद उजेडात डोळ्यांचा ज्या पेशींवर भर असतो त्यांना निळा-हिरवा प्रकाशच जास्त जाणवतो. तेवढ्यात कोणी मोबाइलचा दिवा लावला की होडीतल्या सगळ्यांचे डोळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. कॅमेरा धक्क्यावर ठेवून जावे हे उत्तम. या अनुभवाचा खरा भाग डोळ्यांपेक्षा त्वचेवर घडतो आणि तो छायाचित्रात येत नाही.

समुद्राच्या या उजेडाला पूर्वी स्फुरदीप्ती म्हणत, पण त्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, जळत नाही. आज जीवदीप्ती हा शब्द रूढ आहे. कारण शोधताना भलेभले चुकले. विजेवर प्रयोग करणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनला प्रथम वाटले, की पाण्याचे आणि मिठाचे कण एकमेकांवर घासून समुद्रात वीज निर्माण होत असावी. मग त्याने समुद्राचे पाणी बाटलीत भरून ठेवले. ते ताजे असताना चमकले, पण पुढे चमकेनासे झाले. मीठ तर तेवढेच होते! फ्रँकलिनने आपला तर्क सोडला आणि पाण्यातले सूक्ष्म जीव हेच कारण असावे ही सूचना मान्य केली. फ्रान्सच्या राफाएल द्युबुआने १८८५ मध्ये कॅरिबियन बेटांवरच्याच एका उजळणाऱ्या भुंग्यावर प्रयोग करून हा उजेड दोन पदार्थांच्या संयोगातून येतो हे दाखवले. ल्युसिफेरिन आणि ल्युसिफरेज ही नावे त्याचीच.

पोहणाऱ्याने काही गोष्टी पाळायच्या आहेत. पाणी गिळू नये, कापले-खरचटले असेल तर उतरू नये. जमैकाच्या खारफुटीत अमेरिकन मगरीही राहतात, म्हणून एकट्याने काठावरून न उतरता जाणत्या नावाड्याबरोबर, तो सांगेल तिथेच उतरावे. पायरोडिनियमच्या हिंद-प्रशांत महासागरातील प्रकारामुळे शिंपल्यांत सॅक्सिटॉक्सिन हे घातक विष साठते आणि ते खाऊन माणसे दगावली आहेत. अटलांटिक प्रकार बराच काळ निर्विष मानला जात होता, पण २००२ मध्ये फ्लोरिडातील एका खाजणातले फुगे मासे खाऊन लोकांना विषबाधा झाली आणि तपासात त्या विषाचा माग याच जिवापर्यंत पोचला. हा धोका खाण्यातून येतो, पोहण्यातून नव्हे.

माणसापासून पाण्याला असलेला धोका जास्त मोठा आहे. अंगाला चोपडलेले सनस्क्रीन आणि डास पळवणारी औषधे पाण्यात धुऊन जातात, आणि ज्या बंदिस्तपणामुळे पेशी तिथे टिकून राहतात त्याच बंदिस्तपणामुळे ही रसायनेही तिथेच राहतात. प्वेर्तो रिकोच्या व्हिएकेस बेटावरील मॉस्किटो बे हे जगातील सर्वांत प्रखर उजळणारे खाजण म्हणून गिनीज बुकात नोंदले गेले आहे, आणि तिथे पाण्यात उतरायला बंदी आहे. पर्यटकांना छोट्या वल्ह्याच्या होड्यांतून नेतात. प्वेर्तो रिकोच्या मुख्य बेटावर फाहार्दोजवळच्या लागुना ग्रांदेतही पोहता येत नाही. त्याच मुख्य बेटावरील ला पार्गेरात पोहता येते, पण तेथील उजेड पूर्वीपेक्षा पुष्कळ मंद झाला आहे. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मारिया चक्रीवादळानंतर मॉस्किटो बे काळोखात गेले होते. काही महिन्यांनी ते पुन्हा उजळले, कारण खाजणाची घडण आणि काठची खारफुटी यांच्यात सावरण्याइतका जीव उरला होता. फाल्मथला २०११ मध्ये प्रचंड पर्यटक जहाजांसाठी धक्का सुरू झाला आणि खाजणावर येणाऱ्यांची वर्दळ वाढली. येथे पोहण्याची मुभा राहावी असे वाटत असेल तर अंगाला काही न लावता उतरणे, होड्यांची संख्या आवरणे आणि काठची खारफुटी न तोडणे एवढे तरी केलेच पाहिजे.

महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावरही थंडीच्या दिवसांत समुद्र पेटतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जुहू आणि देवगडच्या किनाऱ्यांवर निळ्या लाटा पाहायला लोक रात्री गर्दी करीत होते. येथला जीव वेगळा आहे, नॉक्टिल्युका सिंटिलान्स. पायरोडिनियमच्या कितीतरी पट मोठा, जवळून पाहिला तर साबुदाण्याच्या अगदी बारीक दाण्यासारखा. तो स्वतः अन्न तयार करत नाही, इतर सूक्ष्म जीव गिळतो. अरबी समुद्रातल्या त्याच्या हिरव्या प्रकाराच्या पोटात मात्र शैवाल राहते आणि त्याला अन्न पुरवते. या हिरव्या नॉक्टिल्युकाचे थर गेल्या काही दशकांत उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात फार पसरू लागले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेशी निगडित शास्त्रज्ञांनी त्यावर दीर्घकाळ काम केले असून, पाण्यातील ऑक्सिजन घटण्याशी या फैलावाचा संबंध जोडला जातो. आपल्याकडे हा उजेड उघड्या किनाऱ्यावर, लाट फुटते तिथे दिसतो. तो खाजणात साचून राहत नाही, त्यामुळे फाल्मथसारखी वेळ ठरवून त्यात उतरता येत नाही. रात्री रापण ओढणाऱ्याच्या हातात ओल्या दोरासकट तो येतो, वाळूवर दोर आपटला की चमकतो, आणि दुसऱ्या रात्री कदाचित नसतो.