वाफेच्या प्रतिरूप इंजिनांचे तपशीलकाम

वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या प्रतिकृतीवर शिट्टी, घंटा, हवेचा पंप, झडपा, नळ्या, हातदांड्या असे सुटे भाग बसवण्याचे काम. तयार प्रतिकृतीत यांतील बरेच भाग बॉयलरच्या साच्यातच उमटवलेले असतात. ते पात्याने तासून त्या जागी स्वतंत्र भाग बसवतात.

भाग निवडताना आधी प्रमाण पाहावे लागते. एचओ प्रमाणात (१:८७) एका फुटास ३.५ मिमी., तर ब्रिटनमधील ओओ प्रमाणात (१:७६.२) ४ मिमी. धरतात, रूळ मात्र दोन्हींत १६.५ मिमी. अंतराचेच. ही विसंगती कशी आली याविषयी एकमत नाही. ब्रिटिश इंजिने मुळात अरुंद व ठेंगणी असल्याने सुरुवातीच्या मोटरी ३.५ मिमी. प्रमाणात मावेनात, असे बहुधा सांगितले जाते. दुसरे मत जाड चाके आणि बाहेरील चालकदांड्यांना लागणाऱ्या मोकळ्या जागेवर भर देते. पहिले अधिक ग्राह्य वाटते; मात्र दुसरे त्याला पूरक ठरू शकते. परिणामी एचओसाठी ओतलेला पंप ओओ इंजिनावर साडेबारा टक्के लहान पडतो. अर्थात मूळ पंपही एकाच आकाराचे नसत, त्यामुळे पुष्कळदा हे खपून जाते.

मेणाचा नमुना वितळवून केलेल्या ओतकामात पितळी भागांवर बोल्टची डोकीही उमटतात. पितळेला नेहमीचा डाख (धातूचे भाग जोडण्यासाठी वितळवून वापरायचा मिश्रधातू) चालतो. पांढरा धातू (कथिलासारख्या मऊ धातूंचा मिश्रधातू) लवकर वितळत असल्याने त्याला सुमारे ७० अंश से.ला वितळणारा डाख लागतो. जस्ताच्या मिश्रधातूच्या बॉयलरवर डाख नीट धरत नाही. तेथे इपॉक्सी किंवा सायनोॲक्रिलेट ही चिकटद्रव्ये वापरतात.

नळीला उगम आणि शेवट हवा. इंजेक्टर (वाफेच्या जोराने बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे उपकरण; शोध आंरी झिफार, १८५८) चालकाच्या खोलीखाली असेल, तर त्याला बॉयलरवरून वाफेची व टेंडरकडून (इंजिनामागील कोळसा-पाण्याच्या डब्याकडून) पाण्याची नळी येते आणि त्याच्यापासून निघालेली नळी बॉयलरच्या एकदिशा झडपेला मिळते. अधांतरी संपणारी नळी जाणकाराला लगेच खटकते. सव्वा इंची हातदांडी एचओत ०.३६ मिमी. भरते, ०.४ मिमी. तार चालते, ०.८ची मात्र फार जाड दिसते.

सिलिंडरजवळचे भाग पुढच्या लहान चाकांना वळणावर अडत नाहीत ना, हे रंगवण्यापूर्वीच पाहतात.