प्रवाळ ताणावर आहे

मे महिन्यात विदर्भातल्या आमच्या वरुडकडे कुणी विचारलं, ‘बगीचा कसा हाय?’ तर उत्तर येतं, ‘ताणावर हाय.’ संत्र्याचा मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, घ्यायचा तर उन्हाळ्यात पाणी बंद करावं लागतं. झाडाची वाढ थांबते, पानं मलूल होतात, काही गळतात. हलक्या जमिनीत थोड्या दिवसांत ताण बसतो, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात. बाबा रोज सकाळी धुऱ्यावरून पानं बघत फिरतात. ताण कमी पडला तर फूल नाही आणि जास्त झाला तर फांद्या वाळून त्यांची सल होते.

पीएचडीनंतर मी पोस्टडॉक म्हणून जे संशोधन करते तेही ताणाचंच, फक्त माझा बगीचा समुद्रात आहे. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, “मंग बाई, थे अंगठीतलं पोवयं जित्तं असते?”

जितं असतं. अंगठीतलं लाल पोवळं हे लांबचं नातलग. मी पाहते ती प्रवाळं उथळ पाण्यात भित्ती बांधतात. एकेक जीव काही मिलिमीटरचा, चुन्याच्या वाटीत बसलेला, तोंडाभोवती इवल्या शुंडा. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि उन्हावर साखर तयार करून मोठा वाटा घरमालकाला देतं. आपल्याकडच्या बटईसारखा हा व्यवहार आहे. पाणी तिथल्या उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा जेमतेम १ अंशाने वाढून काही आठवडे तसंच राहिलं, की तो मोडतो. तापलेल्या शैवालातून ऑक्सिजनची घातक रूपं बाहेर पडू लागतात, प्रवाळ शैवालाला हाकलतं आणि पारदर्शक कातडीतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. हेच विरंजन. प्रवाळ लगेच मरत नाही, उपाशी पडतं. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं. बऱ्याच ठिकाणी हा धोका ३०-३१ अंशांवरच सुरू होतो. आपल्याकडे ३० अंश म्हणजे पावसाळ्यातला बरा दिवस, म्हणून ४५ अंशांत वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

प्रयोगात एकाच वसाहतीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे चार टाक्यांत ठेवतात: एकीत नेहमीचं तापमान, बाकीच्यांत ३, ६ आणि ९ अंश जास्त. तीन तासांत पाणी चढवायचं, तीन तास तसंच ठेवायचं, मग उतरवून रात्रभर नेहमीच्या तापमानाला ठेवायचं. सगळं मिळून १८ तास. त्यानंतर तुकडा उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये, कारण मला हवा असलेला आरएनए फार नाजूक असतो. आपल्या बोटांवरच्या विकरांनीही त्याचे तुकडे होतात. डीएनए प्रत्येक पेशीत तोच असतो. त्या घडीला कोणती जनुकं कामाला लागली होती, ते आरएनए सांगतो. यंत्रातून कोट्यवधी तुकडे वाचून येतात आणि त्यात प्रवाळ, शैवाल, जिवाणू सगळ्यांची मिसळ असते. ती निवडणं हेच माझं निम्मं काम. २०११मध्ये जपानमधल्या ओकिनावातल्या संशोधकांनी एका ॲक्रोपोरा प्रवाळाचा अख्खा जीनोम, म्हणजे डीएनएचा पूर्ण आराखडा, प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही निवड सोपी झाली.

उष्णतेत सगळ्यात आधी जागी होणारी जनुकं ओळखीची आहेत. इटलीत जनुकशास्त्रज्ञ फेरुच्चो रितोसा यांच्या फळमाश्यांच्या पेटीचं तापमान कुणीतरी चुकून वाढवलं आणि माशीच्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसले, म्हणजे तिथली जनुकं जागी झाली होती. ते निरीक्षण त्यांनी १९६२मध्ये छापलं. त्या जनुकांपासून बनणारी प्रथिनं उष्णतेने विस्कटणाऱ्या दुसऱ्या प्रथिनांची घडी सांभाळतात. ती प्रवाळात आहेत, संत्र्यात आहेत, उन्हात वखर हाकणाऱ्या माणसातही आहेत.

मला सगळ्यात जास्त भुरळ घालतं ते दक्षिण प्रशांत महासागरातल्या अमेरिकन सामोआतलं ओफू बेट. तिथे भित्तीतल्या एका डबक्यातलं पाणी ओहोटीला ३५ अंशांच्या आसपास तापतं, शेजारच्या डबक्यात तेवढं तापत नाही. जात तीच, तरी पहिल्या डबक्यातली प्रवाळं उन्हाला जास्त टिकतात. २०१३मध्ये कारण कळलं. नाजूक प्रवाळं ऊन लागल्यावर धावपळ करून जी जनुकं चालू करतात, त्यांतली ६० काटक प्रवाळांत आधीच वरच्या पातळीवर चालू होती. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात निवांत डबक्यातली प्रवाळं तापणाऱ्या डबक्यात नेऊन लावली. दोनेक वर्षांत त्यांचीही सहनशक्ती वाढली, पण तिथल्या मूळच्या प्रवाळांइतकी नाही. म्हणजे काही भाग सवयीचा आणि काही वाणाचा. मोजका ताण अंगी लागतो, हे बाबांना समजावून सांगावं लागलं नाही.

त्यांना शैवालाची गोष्टही लगेच कळली. काही प्रवाळं उष्णता सोसणारं दुसरं शैवाल ठेवतात. त्याने साधारण १ अंशाची सवलत मिळते, पण वाढ मंदावते. “जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधा की रंगपूरच्या, झाड बदलतेच ना,” बाबा म्हणाले. संत्र्याचं कलम ज्या लिंबांच्या मुळावर बांधतात, त्यांची ही नावं.

मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “पाणी देऊन आपण ताण तोडतो. तिथला ताण कोण तोडते?”

टाकीतला मी तोडते, बटण फिरवून. समुद्रातला ऋतू बदलल्यावर तुटायचा, आणि मोठा तडाखा बसला तर भित्तीला सावरायला दहाएक वर्षं तरी लागतात. जगभर एकाच वेळी विरंजन झालं ते १९९८मध्ये, मग २०१०मध्ये, मग २०१४ ते २०१७ आणि पुन्हा २०२३पासून. या शेवटच्या खेपेत, २०२४च्या उन्हाळ्यात, आपलं लक्षद्वीपही पांढरं पडलं.