सौर छताचं अनुदान: टक्क्यांपासून ठोक रकमेपर्यंत

19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांनी सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरमधल्या 15,000 घरांचं लोकार्पण केलं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक यांची ही घरं. तीनच दिवसांनी, अयोध्येहून परतल्यावर, त्यांनी एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवायची घोषणा केली. या दोन गोष्टींचा कागदोपत्री संबंध नाही. पण इथे सोलापुरात बसून अनुदानाचा इतिहास पाहायचा तर दोन्ही शेजारी ठेवलेल्या बऱ्या, कारण सगळं अडतं ते छतापाशी आणि लाईट बिलापाशी.

सरकारी मदत सुरू झाली 1980 च्या दशकात, सूर्यचुलींपासून. पुढे पाणी तापवायचे सौर बंब आले. 2010 मध्ये राष्ट्रीय सौर मिशन जाहीर झालं, पण भर मोठ्या प्रकल्पांवर होता. 2015 मध्ये उद्दिष्ट 20 हजारांवरून 1 लाख मेगावॉटवर गेलं, त्यातले 40 हजार छतांवरून यायचे होते. वर्षअखेरीस 5,000 कोटींची तरतूद झाली आणि घरगुती ग्राहकाला 30 टक्के अनुदान मिळू लागलं.

माझ्या मते त्या वर्षीची मोठी गोष्ट वेगळीच होती. राज्य वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम आणले. दुपारी घरात कुणी नसताना तयार झालेली वीज महावितरणच्या तारेत जाते, रात्री आपण वापरतो तेव्हा ती वजा होते. बॅटरीचा खर्च वाचला. अनुदान एकदाच मिळतं, ही वजाबाकी दर महिन्याला होते.

2019 मध्ये 3 किलोवॉटपर्यंत 40 टक्के आणि त्यापुढे 10 किलोवॉटपर्यंत 20 टक्के असं ठरलं. ठेकेदार वितरण कंपनीच्या यादीतला हवा आणि पॅनेल भारतीय बनावटीचं. दुकानात आजही पहिला प्रश्न तोच असतो, ‘डीसीआर की नॉन-डीसीआर?’, म्हणजे भारतीय बनावटीचं की बाहेरचं? भारतीय माल महाग पडतो, म्हणजे अनुदानाचा काही भाग तिथेच जिरतो.

जुलै 2022 मध्ये राष्ट्रीय पोर्टल आलं आणि टक्केवारी गेली. 3 किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ठोक 14,588 रुपये, तेही थेट खात्यात. जानेवारी 2024 मध्ये त्याचे 18,000 झाले आणि 13 फेब्रुवारीला सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’मध्ये 2 किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे 30,000, तर 3 किंवा जास्त किलोवॉटला एकूण 78,000. हिशेब सोपा झाला, पण पूर्वी ठेकेदाराच्या बिलातूनच वजा होणारी रक्कम आता मागाहून मिळते. आधी सगळे पैसे आपणच भरायचे. म्हणून तर योजनेला तारण नसलेल्या कर्जाची जोड द्यावी लागली.

राहिले महिन्याला 100 युनिटांच्या आत वापर असलेले. त्यांचा दर मुळातच कमी, त्यामुळे पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतात. त्यांच्यासाठी 2025 मध्ये राज्याने ‘स्मार्ट’ योजना आणली. 1 किलोवॉटला, म्हणजे महिन्याला साधारण 120 युनिटांना, दारिद्र्यरेषेखालच्या घराला केंद्राचे 30,000 आणि राज्याचे 17,500. ग्राहकाने घालायचे 2,500.

पण अर्जात छत स्वतःचं लागतं. गावठाणातल्या जुन्या वाड्यांची माळवदं मातीची, त्यांना सांगाड्याचं वजन झेपत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात खाली माग आणि वर घर. तिथे अनुदान फक्त घरच्या मीटरला, जास्त वीज खाणाऱ्या मागाच्या मीटरला नाही.

आणि धूळ. पॅनेलवर ती साचली की युनिटं घटतात, आणि नळाला पाणी कित्येक वर्षं चार-पाच दिवसांआडच. आमच्या शेजारचे अण्णा पाण्याच्या दिवशी आधी पिण्याचं भरतात, मग टाकी, मग काठीला फडकं बांधून गच्चीवर जातात. ओघळणारं पाणी खाली घमेल्यात धरतात आणि कढीपत्त्याला घालतात.