पॉईंट कुठून आला आणि का चालला

मराठवाड्यात ज्यांच्या दारात अजून पद्मिनी किंवा अँबेसेडर उभी आहे, त्यांच्यापुढे कधी ना कधी हा प्रश्न येतोच: पॉईंट (ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी धातूची जोडी) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन (तीच ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बसवायचं का? माझ्या मते जरूर बसवावं. पण त्यासाठी पॉईंटची जन्मकथा ठाऊक हवी.

सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींत ठिणगीसाठी मॅग्नेटो, म्हणजे चुंबक फिरवून वीज काढणारं छोटं यंत्र, असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल (व्होल्टेज वाढवणारी तारेची वेटोळी) आणि उघडझाप करणारा पॉईंट यांची जी जोडणी केली, ती १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली. पुढची साठेक वर्षं बहुतेक पेट्रोल मोटारी त्याच तत्त्वावर धावल्या. पॉईंट मिटलेला असताना कॉइलमधून तीन-चार अँपिअर करंट वाहतो. डिस्ट्रिब्युटरमधला (प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागातला) कॅम, म्हणजे फिरणारा उंचवट्यांचा दांडा, पॉईंट उघडतो, करंट तुटतो आणि त्याच क्षणी कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उसळून प्लगला ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पॉईंट सेकंदाला शंभर वेळा उघडतो. पॉईंटला जोडलेला कंडेन्सर (वीज क्षणभर साठवणारा भाग) बराचसा मार स्वतः खातो, तरी थोडी ठिणगी पॉईंटवर उडतेच. वापरलेला पॉईंट हातात घेऊन पाहा: एका बाजूला खड्डा आणि समोर उंचवटा, कारण इकडचा धातू उडून तिकडे बसलेला असतो. कॅमवर घासणारी फायबरची टाचही झिजते. ती झिजली की पॉईंटचा गॅप कमी होतो, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडतं आणि गाडी चढाला दम टाकते. पॉलिश पेपरने पॉईंट घासायचा, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप लावायचा, आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच.

१९४७ साली ट्रान्झिस्टर, म्हणजे करंट चालू-बंद करू शकणारा इलेक्ट्रॉनिक भाग, आला, पण त्याने पॉईंटला लगेच घालवलं नाही. १९६० च्या दशकातल्या बऱ्याच ट्रान्झिस्टर इग्निशनांत पॉईंट तसाच होता. फक्त कॉइलचा जड करंट ट्रान्झिस्टर पेलायचा. झिजणारी टाच तशीच राहिली. तिला हटवलं ते प्रदूषणाच्या कायद्याने. टायमिंग सरकलं, मिसिंग झालं (ठिणगी चुकली) की न जळलेलं पेट्रोल धुराड्यातून बाहेर पडतं, आणि १९७० नंतर अमेरिकेत ते चालेनासं झालं. १९७३ पर्यंत क्रायस्लरने आपल्या सगळ्या मोटारींत पॉईंटऐवजी चुंबकीय पिकअप, म्हणजे न घासता ठिणगीची वेळ ओळखणारा भाग, दिला. आज जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये बसणाऱ्या बऱ्याच इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या किटमध्ये हॉल सेन्सर (चुंबक जवळ आला की ओळखणारा भाग) असतो. त्यामागचा चुंबक आणि विजेचा परिणाम एडविन हॉल यांनी १८७९ मध्येच शोधला होता.

आपल्याकडे कुर्ल्याची फियाट (म्हणजे पुढची पद्मिनी) आणि उत्तरपाड्याची अँबेसेडर मात्र पॉईंटवरच चालत राहिल्या. गिऱ्हाईक गाडीसाठी रांगेत उभं होतं, मग बदलायची घाई कोणाला? मराठवाड्यातल्या मिस्त्रींना बिनपॉईंटची ठिणगी कळली ती मोटारीमुळे नव्हे, दुचाकीमुळे. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० आली, दोन्ही सीडीआयवाल्या, म्हणजे बिनपॉईंटच्या इलेक्ट्रॉनिक ठिणगीच्या. त्याच वर्षी वाळूजला बजाजचा कारखानाही सुरू झाला. दुसरीकडे जीप आणि टॅक्सी डिझेलवर गेल्या, आणि डिझेलला ठिणगी लागतच नाही, म्हणजे तिथे ठिणगीचाच प्रश्न मिटला. त्यामुळे नुसत्या आवाजावरून डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग लावणारी माणसं कमी होत गेली. किट बसवायचं माझं मोठं कारण हेच आहे.

बसवताना आधी अर्थिंग पाहा, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते. १९५० च्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असे; अशा गाडीत निगेटिव्ह अर्थिंगचं किट जोडलं की ते लगेच जळू शकतं. कॉइलचा रोध किटला चालतो का, तेही तपासा. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नका, मे महिन्यात तर मुळीच नको. कॉइल आणि मॉड्यूल (किटमधला इलेक्ट्रॉनिक भाग) दोन्ही तापतात. काढलेली पॉईंटची प्लेट कंडेन्सरसकट डिकीत ठेवा. पॉईंट सहसा कुरकुर करत बिघडतो, मॉड्यूल न सांगता जातं, आणि ते अंबाजोगाईच्या घाटात गेलं तर जुनी प्लेट पान्या-पेचकसाने बसवून गाडी घरी आणता येते.