एक्स-शोरूम आणि ऑन-रोड: घासाघीस नेमकी कोणत्या आकड्यावर करायची?

शोरूममध्ये छोटी गाडी बघायला गेलेल्या माणसाच्या हाती जे कोटेशन पडते, त्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. वरचा आकडा एक्स-शोरूम किमतीचा असतो आणि तळाचा ऑन-रोड किमतीचा. आपल्याकडचा रिवाज असा, की सूट वरच्या आकड्यावर मागायची आणि पैसे मात्र तळच्या आकड्याचे मोजायचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील फेरीनुसार गोव्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे चारचाकी आहे; म्हणजे हा कागद इथल्या जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या घरात कधी ना कधी येऊन गेलेला आहे. तरीही या दोन आकड्यांमधला फरक विचारला, तर ‘एकात टॅक्स-इन्शुरन्स धरलेला असतो, दुसऱ्यात नसतो’ एवढेच उत्तर मिळते. ते अर्धेच बरोबर आहे.

पहिली चूक कराबाबतच होते. एक्स-शोरूम किंमत करविरहित असते, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात तिच्यात जीएसटी धरलेला असतो. चार मीटरच्या आतील लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी २८ टक्के जीएसटी आणि वर एक टक्का उपकर होता. ज्या गाडीची मूळ किंमत ६,००,००० रुपये आहे, तिची एक्स-शोरूम किंमत आज ७,०८,००० रुपये होते, पूर्वी ती ७,७४,००० रुपये झाली असती. ही ६६,००० रुपयांची घट कायद्याने झालेली आहे, विक्रेत्याने खिशातून दिलेली नाही. म्हणूनच ‘जीएसटी लाभ’ अशी ओळ सवलतींच्या रकान्यात दिसली, तर ती आपल्या हिशेबातून सरळ वगळावी आणि मग किती सूट उरते ते पाहावे.

जीएसटीचा दर देशभर एकच असल्यामुळे एकाच मॉडेलच्या एकाच व्हेरियंटची एक्स-शोरूम किंमत मडगाव, बेळगाव आणि सावंतवाडी येथे साधारण सारखीच निघते. ऑन-रोड किमतीचे तसे नाही. गाडी रस्त्यावर आणण्यासाठी लागणारा एकरकमी रस्ता कर प्रत्येक राज्य आपापल्या टप्प्यांनुसार आकारते. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आहे. गोव्याची टक्केवारी आणि तिचे टप्पे वेगळे आहेत. त्यामुळे सिंधुदुर्गातल्या मावसभावाने ‘मला तर एवढ्याला पडली’ असे फोनवर सांगितले, तर त्याचा ऑन-रोड आकडा पेडणे किंवा डिचोलीच्या ग्राहकाच्या काहीही कामाचा नाही. त्याला एक्स-शोरूम किंमत आणि मिळालेली सूट एवढेच विचारावे. एक्स-शोरूम आकड्याची तुलना गावागावांत होऊ शकते. ऑन-रोड आकड्याची तुलना एकाच राज्यातल्या दोन शोरूममध्ये, तीही ओळीशी ओळ लावून, करावी लागते.

आता घासाघिशीकडे वळू. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते आणि छोट्या गाडीवर विक्रेत्याचा नफा किमतीच्या एकअंकी टक्क्यांतच असतो. कंपनीने त्या महिन्यासाठी जाहीर केलेली रोख सवलत, जुन्या गाडीच्या बदल्यातला एक्स्चेंज बोनस आणि विशिष्ट नोकरदारांसाठीची कॉर्पोरेट सवलत या तीन गोष्टींपलीकडे विक्रेत्याला जे द्यायचे, ते याच तुटपुंज्या नफ्यातून द्यावे लागते. म्हणून वरच्या आकड्यावर थोडे खाली उतरून झाले, की सेल्समन खांदे उडवून ‘हाचे परस उणें जावचें ना’ (याहून कमी होणार नाही) म्हणतो, आणि बऱ्याच वेळा तो खोटे बोलत नसतो. पण एक्स-शोरूम आणि ऑन-रोड यांच्यामध्ये ज्या आठ-दहा ओळी असतात, त्यांत त्याची खरी कमाई असते: विम्यावरचे कमिशन, कर्ज मिळवून दिल्याबद्दल बँकेकडून येणारी रक्कम, ॲक्सेसरीज, कोटिंग, वाढीव वॉरंटी. वर दिलेले खाली काढून घेण्याची सोय या ओळींमध्ये असते.

फोंड्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या शिक्षक दांपत्याने गेल्या वर्षी गाडी घेतली, तेव्हा दोन कोटेशने घेऊन ते आमच्या ओसरीवर येऊन बसले होते. गाडी तीच, रंग तोच, एक्स-शोरूम किंमत तीच. पहिल्या शोरूमने ४०,००० रुपयांची सूट लिहिली होती आणि दुसऱ्याने २२,००० रुपयांची. साहजिकच दोघांचा कल पहिल्याकडे होता. काकू तर बुकिंगची रक्कम पर्समध्ये घेऊनच आल्या होत्या. आम्ही रस्ता कर आणि नोंदणी शुल्क या दोन्हीकडे समान असलेल्या ओळी पेन्सिलीने खोडल्या आणि उरलेल्या समोरासमोर मांडल्या. पहिल्याचा विमा ४६,८०० रुपये, ॲक्सेसरीज १८,५००, वाढीव वॉरंटी १४,००० आणि ‘हॅंडलिंग’ या नावाखाली ७,५०० रुपये होते. बेरीज ८६,८०० रुपये, त्यातून ४०,००० ची सूट वजा जाता ४६,८०० उरत होते. दुसऱ्याचा विमा ३३,२०० रुपये आणि मॅट व मडफ्लॅप धरून ॲक्सेसरीज ६,००० रुपये, बाकी काही नाही. सूट वजा जाता १७,२०० रुपये. म्हणजे १८,००० रुपये कमी सूट देणारे शोरूम २९,६०० रुपयांनी स्वस्त होते. वाढीव वॉरंटी ही खरोखरीची वस्तू असल्याने तिचे १४,००० बाजूला ठेवले, तरी १५,६०० रुपयांचा फरक राहतच होता. काकांनी दोनदा बेरीज करून पाहिली.

विम्याची ओळ थोडी उलगडून पाहायला हवी, कारण एवढा मोठा फरक तिथेच पडतो. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा) सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता सरकार ठरवते; जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार तो १००० सीसीपर्यंतच्या गाडीला ६,५२१ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या गाडीला १०,६४० रुपये असून वर जीएसटी लागतो. या भागात कोणतीही कंपनी वर-खाली करू शकत नाही. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र एक वर्षाचा पुरतो आणि त्याचा दर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. झीरो डेप (भरपाईतून सुट्या भागांची घसारा-कपात न होणे), इंजिन संरक्षण, चावी हरवल्यास भरपाई अशी जोडकलमे याच भागाला चिकटवली जातात. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या रस्त्यांवरून रोज ये-जा असेल, तर इंजिन संरक्षणाला अर्थ आहे. चावीच्या कलमाला फारसा नाही. शोरूममधलाच विमा घेतला पाहिजे, असे बंधन नाही. बाहेरून, तेवढ्याच विमा रकमेचे आणि त्याच जोडकलमांचे कोटेशन आणून टेबलावर ठेवले, की शोरूमचा विमा बहुधा त्याच्या आसपास उतरतो. विमा रक्कम, म्हणजे आयडीव्ही, नव्या गाडीला एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के धरली जाते. आपल्या ७,०८,००० च्या गाडीला ती ६,७२,६०० रुपये येते. हप्ता कमी दिसावा म्हणून कोणी ती खाली आणली असेल, तर ती बचत नव्हे. आणखी एक, जुनी गाडी विकून नवी घेणाऱ्यांनी विसरू नये असे: नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाईचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या विमा कंपनीकडून तसे पत्र घेतले, तर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर तो ५० टक्क्यांपर्यंत लागू होतो. सेल्समन हे आपणहून सांगेल, याची वाट पाहू नये.

कोटिंगची गोष्ट खास किनारपट्टीची आहे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचा धाक घालून गाडीच्या पोटाला गंजरोधक थर आणि अंगाला चकाकीचा थर विकला जातो. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते, हे खरे. पण आजच्या गाड्यांचा सांगाडा कारखान्यातच गंजरोधक द्रावात बुडवून निघतो आणि सांध्यांना सीलंट लावलेले असते. पोटाचा थर हवाच असेल, तर तो महिन्याभराने बाहेरूनही करून घेता येतो आणि भाव विचारायला चार ठिकाणे मिळतात. शोरूममध्ये भाव विचारायला एकच ठिकाण असते.

हॅंडलिंग किंवा लॉजिस्टिक्स नावाची ओळ कोणत्याही कायद्यातून येत नाही. ती कशाबद्दल आहे, हे शांतपणे आणि लेखी विचारले, की पुष्कळदा ती आपोआप गळते. सरकारी शुल्के फार थोडी आहेत: रस्ता कर, हलक्या खासगी वाहनाच्या नोंदणीचे ६०० रुपये, स्मार्ट कार्डचे २०० रुपये, आणि कर्ज असल्यास बोजा नोंदवण्याचे १,५०० रुपये. किंमत दहा लाखांच्या वर गेली, तर एक टक्का टीसीएसही (विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा करायचा प्राप्तिकर) घेतला जातो, पण तो खर्च नाही. प्राप्तिकर विवरणपत्रात तो वळता करून मिळतो, म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना तो बाजूला ठेवावा.

कर्ज घेणाऱ्याच्या बाबतीत दोन आकड्यांमधला गोंधळ आणखी गडद होतो, कारण तिथे तिसराच आकडा पुढे येतो, तो हप्त्याचा. काही बँका एक्स-शोरूम किमतीवर कर्ज देतात, काही ऑन-रोड किमतीवर. ऑन-रोडवर मिळाले की ग्राहक खूश होतो, खिशातून कमी जाते. पण त्यात ॲक्सेसरीज आणि कोटिंगही कर्जाने घेतले जातात. ‘साहेब, महिन्याला तीनशेच वाढतात’ हे वाक्य अशा वेळी येते. नऊ टक्के दराने सात वर्षांसाठी २०,००० रुपये वाढवले, तर हप्ता सुमारे ३२२ रुपयांनी वाढतो आणि सात वर्षांत त्या वीस हजारांचे सुमारे २७,००० होतात. रबरी मॅट आणि सीट कव्हर तोवर फाटून गेलेली असतात.

वेळेचा परिणाम मात्र खरोखर वरच्या आकड्यावर होतो. चवथ, दसरा, पाडवा या दिवसांत गाडी दारात यावी, अशी सगळ्यांचीच इच्छा असल्याने विक्रेत्याला उतरण्याची गरज नसते. चवथ सरली आणि पितृपक्ष लागला, की तोच माणूस फोन करतो. ज्यांना त्या पंधरवड्यात डिलिव्हरी नको असेल, त्यांनी सौदा तेव्हा लेखी करून गाडी नवरात्रात आणायला हरकत नाही, फक्त तोपर्यंत किंमत बदलणार नाही, हे कोटेशनवर नमूद करून घ्यावे. डिसेंबरातील सवलती मोठ्या असतात, कारण जानेवारीत गाडी एका वर्षाने जुनी ठरते. उत्पादनाचा महिना आणि वर्ष आरसीवर छापले जाते आणि पुढे विकताना खरेदीदार तेच पाहतो. गाडी आठ-दहा वर्षे वापरायची असेल, तर डिसेंबरचा सौदा चांगला. तीन-चार वर्षांत बदलायची असेल, तर सवलतीचा बराच भाग तेव्हा परत जाईल.

म्हणून शोरूममध्ये ‘फायनल किती?’ हा प्रश्न विचारण्याआधी प्रत्येक ओळ वेगळी असलेले, शिक्का-सहीचे कोटेशन मागावे. सूट कंपनीची किती आणि शोरूमची किती, हे त्यावर वेगळे लिहून घ्यावे. ‘पंधरा हजारांच्या ॲक्सेसरीज फुकट’ ही पंधरा हजारांची सूट नव्हे, कारण ते पंधरा हजार छापील किमतीचे असतात. त्याऐवजी निम्मी रक्कम रोख कमी करा, असे म्हणून पाहावे. होकार किती लवकर येतो, यावरून त्या वस्तूंची खरी किंमत कळते.

आमच्या शेजाऱ्यांनी शेवटी दुसऱ्या शोरूमकडून गाडी घेतली, आणि विमा बाहेरच्या कोटेशनच्या जोरावर आणखी ३,१०० रुपयांनी उतरवून घेतला. डिलिव्हरीनंतर त्यांनी रस्ता कराची सरकारी पावती मागितली, तेव्हा शोरूमने कर आणि नोंदणी मिळून गोळा केलेली गोल रक्कम आणि पावत्यांवरची रक्कम यांत २,३४० रुपयांचा फरक निघाला. तो परत यायला तीन फोन आणि सोळा दिवस लागले.